दादांची काळी चार

तरुणपणी मी बँडमध्ये वाजवायचो असं सांगितलं की ऐकणारा मनातल्या मनात मला लाल कोट चढवतो, टोपीत तुरा खोचतो आणि नवरदेवाच्या घोड्यापुढे उभं करतो. मग सांगावं लागतं की तसला बँड नव्हे. "मग ऑर्केस्ट्रा का?" तोही नव्हे. ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी असतात, नकला करणारा एक असतो, चमकणारा शर्ट घातलेला निवेदक असतो. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. आम्ही तिघं जण होतो, इंग्रजी गाणी वाजवायचो आणि ऐंशीच्या आसपासच्या नाशिकमध्ये ती कोणाला हवी आहेत याचा शोध घेत हिंडायचो.

गिटार वाजवणारा आणि गाणारा एकच, नाशिकरोडच्या रेल्वे क्वार्टर्समधला, गार्डाचा मुलगा. घरचे ख्रिस्ती. रविवारी सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवून तो आमच्याकडे यायचा, त्यामुळे देवाचं काम उरकून आलेल्या माणसाचा तोरा दुपारपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर असायचा. ड्रमर सायखेड्याचा, गोदाकाठच्या शेतकरी घरातला, सातपूरच्या एका कारखान्यात लागलेला. गावात तो लेझीमच्या खेळाला हलगी वाजवायचा आणि हलगीची ती घाई त्याच्या हातातून कधी गेली नाही. मी बेस गिटारवर. साध्या गिटारला सहा तारा असतात आणि बेसला चार, म्हणजे हे शिकायला सोपं पडेल, असा मी विचार केला होता. सरकारी कचेरीत कारकून होतो, डोकं तसंच चालायचं.

गार्डसाहेबांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. त्याने आणलेल्या कॅसेटमधून आम्हाला ब्लूज सापडला. अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं गाणं. रचना एकदम साधी: बारा घरांची, दर घरात चार ठोके. चार घरं एका जागी, दोन वरच्या जागी, दोन परत खाली आणि शेवटच्या चारांत एक फेरा मारून मुक्कामी. एकदा हाताला बसलं की ब्लूजवाल्यांची निम्मी गाणी वाजवता येतात आणि उरलेली निम्मी वाजवल्यासारखी वाटतात.

सायखेड्याला ड्रमरच्या ओळखीने आमचा कार्यक्रम ठरला तेव्हा गावच्या पेंटरने फळ्यावर मोठ्या अक्षरात 'ब्लाऊज आणि रॉक पार्टी' असं लिहिलं. पुरुषमंडळी वेळेआधी येऊन पुढच्या जागा धरून बसली होती. आम्ही तिघं स्टेजवर आलो, तरी बराच वेळ त्यांची नजर आमच्या मागच्या पडद्यावर होती. दुसऱ्या गाण्याला पुढच्या रांगा रिकाम्या झाल्या. व्होल्टेज इतकं कमी की माझ्या अँप्लिफायरमधून म्हशीने उसासा टाकावा तसा आवाज येत होता. ड्रमरच्या चुलत्यांनी मात्र शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "लय भारी. कळलं काहीच नाय, पण लय भारी."

सटाण्याच्या एका कांदा व्यापाऱ्याने मुलाच्या लग्नाला बोलावलं होतं. जेवणं चालू होती म्हणून आम्ही एक संथ ब्लूज काढला. व्यापारी हातातलं ताट तसंच घेऊन स्टेजपाशी आला आणि काळजीने म्हणाला, "कोन मरी गयं रे भो?" आम्ही लगेच रॉक अँड रोलवर उडी मारली. वऱ्हाड नाचायला उठलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. "हां, आते भारी शे!" म्हणाला. येताना आम्हाला कांद्याच्या ट्रकमध्ये बसवून दिलं. पुढे कित्येक दिवस गिटारची पेटी उघडली की कांद्याचा वास यायचा आणि गार्डाचा मुलगा म्हणायचा, आता खरा ब्लूज, डोळ्यांत आपोआप पाणी.

अशी आमची कामं. इगतपुरीला रेल्वेवाल्यांचा नाताळ, ओझरला कोणाचा तरी वाढदिवस, देवळालीला सुट्टीला आलेल्या पारशी कुटुंबांचा नाच. बेसच्या तारा महाग, त्यामुळे जुन्या झाल्या की पातेल्यात पाणी घालून उकळायच्या. मळ निघतो आणि आवाज परत खणखणीत होतो. आई पहिल्यांदा झाकण उघडून बघायला गेली, तेव्हा तिला वाटलं मी साप शिजवतोय. मग सवय झाली. "तुझं कालवण झालं असंल तर पातेलं मोकळं कर," म्हणायची.

सरावाला जागा मिळाली ती दादांमुळे. दादा म्हणजे माझे वडील. कारखान्यात टर्नर होते, पण वस्तीत आणि आसपासच्या गावांत त्यांना ओळखायचे ते गायन पार्टीमुळे. आमची बौद्धवस्ती, आणि आमच्याकडे जयंती म्हटलं की कोणाची हे विचारायचं नसतं. एप्रिलमध्ये जयंतीला दादांची पार्टी रस्त्यावरच्या स्टेजवर गायला बसायची: दादा मधे पेटी घेऊन, डाव्या हाताला ढोलकी, मागे कोरस. समाजमंदिराच्या हॉलची किल्ली त्यांच्याकडे आणि पेटीही तिथेच. रविवारी सकाळी वंदना झाली की हॉल आमचा.

दादांनी मला कधी अडवलं नाही. एकदा दारात उभं राहून त्यांनी आमचं एक गाणं पुरतं ऐकलं. मग विचारलं, "काय म्हणतोय तो?"

मी सांगितलं, "मालक राबवून घेतो आणि मजुरी देत नाही, असं म्हणतोय."

"आणि मघाच्या गाण्यात?"

"बायको सोडून गेली."

दादांनी थोडा विचार केला. "पहिलं जयंतीला म्हणायला हरकत नाय," म्हणाले. "दुसरं तुमच्यापाशीच ठेवा."

आता पट्टीबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. गाणारा माणूस पेटीवरची एक पट्टी धरून तिला आपला सा मानतो आणि तिथून गातो. पट्ट्या काळ्या आणि पांढऱ्या, आणि प्रत्येकीला नंबर. जितकी वरची पट्टी तितका गळा ताणायचा. दादांची पट्टी काळी चार. पुरुषाच्या गळ्याला ही फार उंच. दादा स्टेजवर बसले की माईकमध्ये आधी म्हणायचे, "काळी चार द्या!" पेटी त्यांच्याच हातात असायची, तेव्हा मागायची कोणाकडे, पण ते म्हणायचेच आणि लोक शिट्ट्या वाजवायचे. दुसऱ्या पार्ट्यांचे गाणारे वयाबरोबर पट्टी उतरवत गेले होते. लोक त्यांचं गाणं ऐकायचे आणि मागे म्हणायचे, "उतरला." हा एक शब्द आमच्याकडे माणसाला कायमचा चिकटतो. दादांना सगळे काळी चारवालेच म्हणायचे आणि पन्नाशी उलटल्यावरही ते त्या पट्टीवर होते.

त्या वर्षीच्या जयंतीला मात्र वरच्या ओळीला त्यांचा आवाज फाटला. एकदाच, पण सगळ्या वस्तीने ऐकलं. दादांनी हसून मानेला हात लावला, "दुपारी बर्फ खाल्ला," म्हणाले आणि ती ओळ कोरसवर सोडून दिली. पुढच्याच महिन्यात पेटीचा भाता फाटला म्हणून ती सायकलला बांधून द्वारका चौकाजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. आठवड्याने पेटी आली आणि तिच्याबरोबर दादांचा आवाजही परत आला. पावसाळ्यात एका गावी कार्यक्रम झाला, तिथे त्यांनी वरची ओळ तीनदा घेतली. ढोलकीवाले काका सगळ्यांना सांगत सुटले, "उगं बर्फाचं निमित्त होतं. दादांचा गळा तसाच हाय."

आनंद आम्हालाही झाला. त्याच सुमारास आमच्या गार्डाच्या मुलाचाही आवाज सुधारला. ज्या सुरांपाशी तो आधी डोळे मिटून, मान वाकडी करून जायचा, तिथे आता आरामात पोचू लागला. रोज सकाळी मध आणि आलं घेतो त्याचा गुण, असं त्याने आम्हाला ऐकवलं. ड्रमरने लगेच गावाकडून मध आणला. तारा जरा ढिल्या लागतात, अशी तक्रार मात्र गार्डाचा मुलगा अधूनमधून करायचा. मी म्हणायचो, तारा जुन्या झाल्या, उकळ.

आम्ही सूर लावायचो तो दादांच्या पेटीवरून. आमच्याकडे दुसरं साधन नव्हतं आणि कधी लागलंही नव्हतं. पेटीची पांढरी तीन दाबायची, गिटारची तार तिला जुळवायची, तिच्यावरून बाकीच्या, मग बेस. तिघंही एकमेकांशी बरोबर, म्हणजे जगाशी बरोबर, अशी आमची समजूत होती.

ती समजूत नाताळाच्या सुट्टीत देवळालीला मोडली. एका सॅनिटोरियमच्या हॉलमध्ये नाच होता. कोपऱ्यात एक मोठा पियानो. मध्यंतरात एक म्हातारी पारशी बाई काठी टेकत आली, म्हणाली तिला तरुणपणापासून ब्लूज येतो आणि तिला आमच्याबरोबर एक वाजवायचाय. आम्ही खूश. गार्डाच्या मुलाने अदबीने खुर्ची ओढून दिली आणि ई मध्ये वाजवतो म्हणून सांगितलं. ई म्हणजे आमची पांढरी तीन. तिने दोन्ही हात पियानोवर टाकले, आम्ही पहिलं घर धरलं, आणि असा काही आवाज झाला की नाचायला उभे राहिलेले लोक जागच्या जागी थांबले.

बाईने हात उचलले. एकेक सूर वाजवून गार्डाच्या मुलाला तार छेडायला लावली. मग माझी. मग आमच्या तोंडांकडे बघून म्हणाली, "अरे दिकरा, तुम तीनों बेसुरे हो, और तीनों एक साथ! आधा सूर नीचे. ऐसा मैंने कभी नहीं देखा." आणि मनापासून हसली. पियानो आठवड्यापूर्वीच मुंबईच्या माणसाकडून जुळवून घेतलाय, तेव्हा तिकडे बोट दाखवायचं नाही, असंही बजावलं. आम्ही पेटीवरून सूर लावतो हे ऐकून म्हणाली, "तो पेटी को डॉक्टर को दिखाओ."

तिने आमच्या तारा पियानोला जुळवून दिल्या. वाजवलं तिने झकास. पण गार्डाचा मुलगा गायला लागला आणि वरच्या सुरापाशी त्याचे डोळे पुन्हा मिटले, मान पुन्हा वाकडी झाली. सहा महिन्यांचा मध आणि आलं तिथल्या तिथे गेलं. परतताना बसमध्ये तो पुन्हा पुन्हा तीच वरची ओळ गुणगुणत होता. नाशिकरोड आल्यावर म्हणाला, "म्हणजे माझा आवाज सुधारलाच नव्हता." आम्ही हसलो. हसता हसता मी एकदम थांबलो, कारण मला दादा आठवले.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून परस्पर द्वारकेला गेलो. दुरुस्तीवाल्याने मला ओळखलं. पेटी खाली का बोलते असं विचारल्यावर तो थोडा घुटमळला. "भाता ठीकच होता," म्हणाला. "सगळे सूर एकेक घर सरकवून द्या म्हणाले दादा. काळी चार दाबली की तिच्या डावीकडची पांढरी पाच बोलली पाहिजे. दिलं करून. कोणाला सांगू नका म्हणाले होते, पण तुम्ही तर घरचेच."

मी तिथून चालतच घरी निघालो. राग आला नाही. हसू आलं आणि त्याच्यामागून फार वाईट वाटलं. लेथवर सुताएवढाही फरक चालवून न घेणारा माणूस, त्याने आपली पेटी पैसे देऊन बिघडवून घेतली होती. बोटं काळी चारवर, आवाज पांढरी पाचचा, आणि समोरचे लोक शिट्ट्या वाजवताहेत. पार्टीत कोणालाच कळलं नाही, कारण सगळेच त्या पेटीमागे अर्धा सूर खाली उतरले होते. आपलाही आवाज बरा लागतोय म्हणून कोरसवालेही खूश होते.

घरी गेल्यावर मी काही बोललो नाही. बोलायचं तर काय? पोराने बापाला "उतरलात" म्हणायचं? गार्डाच्या मुलाने सूर लावायची एक छोटी शिट्टी मिळवली होती. मी दोघांना सगळं सांगितलं आणि ठरवून टाकलं की बाहेर गेलो की शिट्टीवर सूर लावायचा, पण हॉलमध्ये पेटीवरच, दादांना शंका नको. ड्रमर म्हणाला, "माझा काय संबंध? ड्रमला कुठं काळी-पांढरी असती?" पण पुढच्या रविवारी पेटीवरची धूळ त्यानेच रुमालाने पुसली.

हे असंच चालू राहिलं असतं. पण फेब्रुवारीत मंडळाच्या पोरांनी वर्गणी काढून मुंबईहून इलेक्ट्रिक कीबोर्ड आणला. मीटिंगमध्ये अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदा दादांच्या गाण्याला पेटी नको, कीबोर्ड पाहिजे, आणि आपल्याच पोरांचा बँड साथीला. गार्डाचा मुलगा ऑर्गन वाजवतो, तोच कीबोर्डवर बसेल. टाळ्या पडल्या. मी दादांकडे पाहिलं. ते म्हणाले, "चालंल की," आणि चष्मा काढून धोतराच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले.

कीबोर्ड कोणाला सरकवून मिळत नाही. त्यावर काळी चार दाबली की खरी काळी चारच बोलणार. दादांना ते माहीत होतं आणि मलाही. त्यांना माहीत नव्हतं ते एवढंच, की मला माहीत आहे.

कीबोर्डवर धूळ बसेल म्हणून अध्यक्षांनी तो आपल्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता, कार्यक्रमाच्या दिवशीच निघणार होता. मार्चमध्ये एकदा पहाटे पाण्याला उठलो तर दादा अंथरुणात नव्हते. समाजमंदिराच्या हॉलमधून पेटीचा आवाज येत होता. मी पायऱ्यांपाशी गेलो. दार लोटलेलं होतं, फटीतून त्यांचा हात दिसत होता. ते काळी चारवर नव्हते. तिच्या उजवीकडची पांढरी सहा धरून गात होते. म्हणजे त्या सरकवलेल्या पेटीवर खरी काळी चार. मुखडा निघायचा. अंतऱ्याची वरची ओळ आली की आवाज फाटायचा. थांबायचे, पाणी प्यायचे, परत पहिल्यापासून. तीच ओळ, तिथेच फाटणं. मी पायरीवर बसून राहिलो. आत जाऊन त्यांचा हात धरावा असं फार वाटलं. पण आपल्या बापाला असं चोरून बघितलं याचीच लाज वाटली आणि कोणी यायच्या आत मी बादली घेऊन नळावर गेलो.

पुढचे सगळे दिवस दादा ज्येष्ठमध चघळत होते. आईला वाटलं खोकला आहे. एका संध्याकाळी त्यांनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "यंदा मी दोनच गाणी म्हणतो, बाकीची कोरसमधल्या पोरांना देऊ. त्यांना कधी चान्स मिळायचा?" मी "बघू" म्हणालो.

उपाय गार्डाच्या मुलाने काढला आणि तो इतका सोपा होता की मला माझाच राग आला. "मी वाजवणार ना?" तो म्हणाला. "ते काळी चार मागतील. मी पांढरी पाच देतो. इंग्रजीत ती जी, आणि जी म्हणजे आपली लाडकी. तुमच्या काळी चारवर माझी बोटं मोडली असती." ब्लूजमध्ये हे रोजचंच होतं. गाणाऱ्याचा गळा जिथे आरामात बसेल तिथे सगळ्यांनी जायचं, त्यात कमीपणा कसला? आम्ही एकमेकांसाठी हे कितीदा केलं होतं. माझ्या वडिलांसाठी करता येईल हे मात्र मला सुचलं नव्हतं.

ड्रमरने फक्त एक शंका काढली. "ढोलकीवाले काका शेजारीच बसतात. त्यांनी बोट बघितलं तर?" मग त्याने आपली मोठी झांज स्टँडसकट कीबोर्ड आणि काकांच्या मध्ये आणून ठेवायचं ठरवलं. स्टेज मांडल्यापासून काका तक्रार करत होते की या ताटामुळे त्यांना पब्लिक दिसणार नाही.

जयंतीला संध्याकाळी रस्ता माणसांनी भरला. दिव्यांच्या माळा, निळे झेंडे, पुढे सतरंजीवर लहान पोरं, घरांच्या ओट्यांवर बायका. दादा पांढराशुभ्र सदरा घालून मधे बसले. पुढ्यात पेटी नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. कधी मांडीवर, कधी माईकच्या दांड्यावर. मी त्यांच्या मागे बेस घेऊन उभा होतो. त्यांच्या मानेवर घाम दिसत होता. मला इतकी भीती कुठल्याच कार्यक्रमात वाटली नव्हती, कारण आमचं गाणं पडलं तर आम्ही हसायचो. हे पडलं असतं तर त्यांचं काय झालं असतं, मला विचारही करवत नव्हता.

दादांनी माईक जवळ घेतला. आवाज जरा बसला होता.

"काळी चार द्या!"

शिट्ट्या पडल्या. गार्डाच्या मुलाने मोठ्याने, चर्चमधल्यासारखं गंभीरपणे म्हटलं, "काळी चार!" आणि पांढरी पाच दाबली.

दादांनी सा लावायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. सूर कानावर पडताक्षणी त्यांना कळलं. त्यांनी मान वळवून कीबोर्डकडे पाहिलं, तिथे झांज आडवी. मग माझ्याकडे पाहिलं. मी बेसच्या तारांकडे असं बघत राहिलो, जणू काही त्या मी पहिल्यांदाच बघतोय. लोकांना वाटलं दादा मुद्दाम थांबलेत. कोणीतरी ओरडलं, "होऊ द्या, दादा!"

दादांनी सुरुवात केली. मुखडा, पहिला अंतरा, आणि मग ती वरची ओळ. ती त्यांनी सरळ घेतली, परत घेतली, तिसऱ्यांदा नुसती लांबवत नेली. ढोलकीवाले काका झांजेवरून मान उंच करून दाद देत होते. ड्रमरची हलगी जागी झाली होती आणि कधी नव्हे ती तिची घाई गाण्याला शोभत होती. दोन गाणी म्हणणार होते, सगळी म्हटली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

कार्यक्रम झाल्यावर दादांना हारांनी झाकून टाकलं. हार उतरवून ते घरी येऊन जेवले आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेजवरच्या वायरी गुंडाळत होतो. दादा चहाची किटली घेऊन आले आणि स्टेजच्या कडेला बसले. मलाही बसवलं. रस्त्यावर झाडलोट चालू होती.

"काल पट्टी कोणती होती?"

"काळी चार," मी म्हणालो.

"पेटी मी बिघडवली, कान नाय बिघडवला," दादा म्हणाले. "कोणती होती?"

"पांढरी पाच."

त्यांनी मान हलवली. चहा ओतून दिला. "कधीपासून माहीत हाय तुला?"

"नाताळापासून. देवळालीला पियानो होता."

"म्हंजे चार महिने झाले." मला वाटलं आता रागावतील.

"तुम्हाला वाईट वाटंल म्हणून नाही बोललो," मी म्हणालो.

"वाईट काय वाटायचं त्यात?" दादा म्हणाले. "मी वर्षभर एकटाच भेत होतो रे. रात्री झोप नाय. सांगायचं ना मला. दोघं मिळून भ्यालो असतो."